शून्याचं पाणी

भिंगमामांचं दुकान एवढं मोठं की एक गिऱ्हाईक आत आलं की दुसऱ्याने रस्त्यावर थांबायचं. सख्खी बहीण एकही नाही, आणि अख्ख्या बाजाराचे मामा. तीस वर्षं लोकांच्या चष्म्यांच्या दांड्या बसवून त्यांची नजर इतकी तयार झाली होती की काच हातात घेतली की नंबर सांगायचे. स्वभाव मात्र असा तिरसट, की नंबर सांगून वर म्हणायचे, "वाढलेला नाही तुमचा. काच पुसत जा जरा." गिऱ्हाइकाला राग यायचा. मग मामा काच पुसून द्यायचे, समोरच्या दुकानाची पाटी लख्ख दिसायची, आणि गिऱ्हाईक मुकाट्याने चालू लागायचं.

असा माणूस डॉक्टरशी वाद घालणार नाही तर काय करणार?

नात पाच वर्षांची. सगळे तिला भिंगरी म्हणायचे, कारण दोन वर्षांची असताना ती गोल गोल फिरून पडायची आणि उठून पुन्हा फिरायची. आता ती फिरत नव्हती. चालताना गुडघ्याला गुडघा घासायचा आणि पावलं बाहेर फेकली जायची. लेकीला वाटलं चपला लहान झाल्या. जावयाला वाटलं लाडात येते. शेवटी मामांनीच तिला कडेवर घेतलं आणि मोठं हॉस्पिटल गाठलं.

डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिले, एक्स-रे काढायला लावला, आणि तो खिडकीच्या उजेडात धरून विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

"हातपंपाचं. पण तपासलेलं," मामा छाती काढून म्हणाले. "दर आठवड्याला. मी स्वतः केलेल्या यंत्राने. फ्लोराइड शून्य."

"शून्य?" बाईंनी मान वर केली. "खडकातल्या पाण्यात अगदी शून्य कधी नसतं हो. पाव, अर्धा, काहीतरी निघतंच."

"आमच्याकडे निघत नाही."

बाई हसल्या नाहीत. "आजोबा, हे पाण्यानेच होतं. हाडं अजून कोवळी आहेत. आत्ता पाणी बदललंत तर वाढता वाढता पाय सरळ होतील. आणखी दोन वर्षं असंच काढलंत तर ती जन्मभर अशीच चालेल." मग एक्स-रे पाकिटात घालता घालता त्यांनी सहज विचारलं, "आणि हे पाणी गल्लीत एकटी तीच पीत नसेल ना?"

मामा तणतणत घरी आले. शिकलेली माणसं म्हणजे दुसऱ्याच्या कष्टाला पाण्यात पाहणारी जात, असं त्यांचं मत त्या दिवशी आणखी पक्कं झालं.

कष्ट तर खरंच होते. लेक दिली होती ती वस्ती खडकाळ टेकाडावर. साडेतीन वर्षांपूर्वी तिथल्या पंपाच्या पाण्यावर संशय म्हणून पाणीपुरवठ्याच्या कचेरीने दांड्याला साखळी घातली होती आणि एक दिवसाआड टँकर यायचा. टँकर म्हणजे रांग, रांग म्हणजे भांडण. माणशी एक बादली, त्यात अंघोळ करा नाहीतर तहान भागवा. गल्लीत कपडे शिवणारी एक बाई होती, तिची सासू त्या रांगेतल्या चिखलात घसरली आणि खुबा मोडून अंथरुणाला खिळली. तपासणीची बाटली लांबच्या प्रयोगशाळेत जायची, उत्तर मात्र येता येत नसे. लेक माहेरी आली की आधी न्हाणीघरात शिरायची आणि अर्धा तास बाहेर यायची नाही. ते बघून मामांनी मनावर घेतलं.

दुकानात लोकांनी सोडून दिलेल्या चष्म्याच्या डब्यांचा ढीग होता. टाकून द्यायचं हा शब्द मामांच्या कोशात नव्हता. त्यांनी एका डबीच्या एका टोकाला दाण्याएवढा हिरवा दिवा बसवला, दुसऱ्या टोकाला उजेड मोजणारा छोटा डोळा, आणि मधे काचेची कुपी. कुपीत पाणी घ्यायचं, लाल औषधाचे थेंब टाकायचे, झाकण लावायचं. पाण्यात फ्लोराइड असेल तर औषधाचा लाल रंग फिका पडतो. जितका फिका, तितका उजेड पलीकडे जास्त पोचतो, आणि डबीवरच्या बोटभर पडद्यावर तेवढा आकडा उमटतो. दीडच्या खाली असलं की खुशाल प्यावं. बाहेरचा उजेड आत शिरला तर तो डोळा फसतो, म्हणून आतून काळं जाड कापड. ते कापड त्या शिवणाऱ्या बाईने शिवून दिलं, सव्वीसच्या सव्वीस डब्यांना, आणि शिलाईचं नाव काढू दिलं नाही.

प्रत्येक डबीला आधी शून्य शिकवावं लागतं. ज्यात काहीच नाही असं पाणी घालायचं, औषध टाकायचं, आणि तिला सांगायचं की बाई, ह्याला शून्य म्हण, बाकी सगळं ह्याच्यावरून मोज. मग बाजूचा स्क्रू लाखेने बंद करायचा. कॉलेजातल्या रसायनाच्या मास्तरांनी मामांना सगळी पद्धत कागदावर लिहून दिली होती, आणि त्यात शून्यासाठी बॅटरीत घालायचं, वाफ गार करून केलेलं पाणी घ्यावं असं स्पष्ट होतं. पण त्या दिवशी शेजारचा बॅटरीवाला मेहुणीच्या लग्नाला गेलेला, दुकानाला कुलूप. मामांना दम कुठला निघतोय! घरी येऊन बायकोला विचारलं, "शुद्ध पाणी आहे का गं?"

मामी म्हणजे स्वच्छतेचा कळस. वीस मिनिटं पाणी खळखळा उकळायची, दुपदरी फडक्यातून गाळायची, गार करून झाकून ठेवायची. "ह्याच्याहून शुद्ध पाणी मला जगात दाखवा," असं म्हणून तिने पातेलं पुढे सरकवलं. मामांनी त्या पाण्याने सव्वीस डब्यांना शून्य शिकवलं.

पंपाचं पाणी डबीत घातलं, आकडा आला शून्य. पुन्हा घातलं, पुन्हा शून्य. लोक डब्या घेऊन कचेरीवर गेले. साहेबांनी स्वतःच्या हाताने एकदा लावून बघितलं, आणि साखळी निघाली. टँकर बंद झाला. त्या संध्याकाळी वस्तीत मामांना खुर्चीवर बसवून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फक्त शिवणाऱ्या बाईने मधेच विचारलं, "पण मामा, डबी चुकली तर?"

"अगं, चुकतो माणूस. उजेड कशाला चुकेल?" मामा म्हणाले. सगळे हसले. तीही हसली.

तर हॉस्पिटलातून आल्यावर मामांनी ठरवलं, ह्या डॉक्टरीणबाईंना आता दाखवूनच देतो. मास्तरांचा कागद शोधला, आणि अक्षरशः कागदाप्रमाणे करायचं म्हणून शेजारून बॅटरीचं पाणी आणलं. एका कुपीत ते, दुसऱ्या कुपीत मामीचं उकळलेलं. दोन्हींत औषधाचे मोजून तेवढेच थेंब. आणि डबीत घालायच्या आधी सवयीने त्यांनी दोन्ही कुप्या उजेडाकडे धरल्या.

बॅटरीचं पाणी लालभडक. मामीचं पाणी फिकट, धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखं.

मामा खाली बसले. स्टूल कुठे आहे हे न बघता बसले, नशिबाने ते मागेच होतं.

उकळल्याने जंतू मरतात. फ्लोराइड हा काही जंतू नव्हे. तो खडकातून येतो, आणि पाणी आटलं की कमी व्हायच्या ऐवजी दाट होतो. मामांच्या घरची बोअरिंगही त्याच खडकात. म्हणजे सव्वीस डब्यांना त्यांनी विषालाच शून्य म्हणायला शिकवलं होतं. आणि मग त्यांना पहिला आठवडा आठवला. तेव्हा डब्यांवर उणे आकडे यायचे. उणे अर्धा, उणे पाऊण. डब्या बिचाऱ्या सांगत होत्या की पंपाचं पाणी तुमच्या शून्याहून बरं आहे, तेव्हा तुमच्या शून्यातच काहीतरी काळंबेरं आहे. मामांना त्याचं हसू आलं होतं. काहीच नाही त्याच्याहून कमी काय असणार? लोक उगाच घाबरतील म्हणून त्यांनी एक बारीकशी सोय केली: आकडा शून्याच्या खाली गेला तर डबीने शून्यच दाखवायचं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगाच नाही.

त्यांनी एक डबी नव्याने लावली, बॅटरीच्या पाण्यावर. लेकीच्या घरून आणलेलं पंपाचं पाणी घातलं. चार पूर्णांक तीन.

"आता?" मामी म्हणाली. तिच्या कंबरेचं दुखणं, मामांची आखडलेली मान, सगळं वयावर घालून मोकळे झाले होते दोघं.

"आता काय? सांगायला पाहिजे."

"कुणाला? लेक त्याच गल्लीत नांदते. चाळीस घरं आहेत, घरोघरी पोरं आहेत. तुम्ही सांगून इकडे परत याल. ती कुठे जाईल?" मग हळूच म्हणाली, "आपल्या पोरीपुरतं पाणी आणा. टँकर पुन्हा सुरू होईल असं काहीतरी करा. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मामांनी ऐकलं. त्यांना ऐकायचंच होतं, हे त्यांनाही कळत होतं.

दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी हॉस्पिटलात जायचे. तिथल्या नळाला धरणाचं पाणी यायचं, नव्याने लावलेल्या डबीत पाव आकडा दाखवणारं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसं, अगदी शून्य नव्हतंच ते. पाच लिटरचा कॅन भरायचा आणि चढ चढून लेकीकडे. "डॉक्टरांनी औषध घातलेलं पाणी आहे, फक्त भिंगरीला द्यायचं," असं त्यांनी लेकीला सांगितलं. लेकीचा बापावर विश्वास. कॅनवर तिने खडूने भिंगरीचं नाव लिहिलं आणि नवऱ्यालाही हात लावू दिला नाही.

गल्लीत एका ओळीत चाळीस दारं. त्या दारांवरून कॅन नेताना मामांना पूर्वी जे दिसलं नव्हतं ते दिसू लागलं. उंबऱ्यावर बसलेला एक पोरगा उठताना आधी हात टेकत होता. शाळेतून येणाऱ्या दोन बहिणी एकसारख्याच डुलत चालत होत्या. लोकांना वाटे, घराण्याची चाल आहे. "मामा, या, पाणी घ्या," असं प्रत्येक दारातून बोलावणं, आणि प्रत्येक वेळी मामांच्या अंगावर काटा.

ते कचेरीत गेले. कारकुनाला म्हणाले, "पंपाचं पाणी एकदा प्रयोगशाळेत पाठवा की."

कारकुनाने कपाटातून जाडजूड वही काढली. "मामा, ही बघा. तीन वर्षं, सव्वीस डब्या, एक आकडा वर नाही. साहेब पाहुण्यांना दाखवतात ही वही. तुमच्यावर अविश्वास दाखवायचा आम्ही? छे!"

"नाही, पण समजा, यंत्रच चुकलं असलं..."

"असं तुम्ही म्हणताय?" कारकून हसला. "मग तसं लिहून द्या. की मी, अमुक अमुक, माझी सगळी यंत्रं चुकीची आहेत. सही करा. लगेच पाठवतो."

त्याने गमतीत कोरा कागद पुढे केला. मामांच्या खिशात पेन होतं. मागे रांगेत वस्तीतले दोघे उभे होते, त्यातला एक म्हणाला, "मामांची चेष्टा करता काय हो?" मामा हसल्यासारखं करून बाहेर पडले. तीन वर्षं जमवलेला मान त्या वहीत होता, आणि आता तीच वही त्यांच्या मानेवर बसली होती.

मग त्यांनी तो वेडेपणा केला. एका पहाटे, गल्ली जागी व्हायच्या आत, पंपाच्या दांड्याचा बोल्ट काढून खिशात टाकला. पंप बंद म्हणजे बोंबाबोंब, बोंबाबोंब म्हणजे टँकर, असा हिशोब. आयुष्यात दुसऱ्याचा स्क्रूसुद्धा न घेतलेला माणूस, चोरासारखा दुकानात येऊन बसला. दुपारी जावई दुकानात हजर. जावई वेल्डर. "मामा, कुणा चोरट्याने बोल्ट नेला. पण काळजी करू नका, मी नवा टाकून वेल्डिंगच मारलंय. आता पाच माणसं लटकली तरी हलायचा नाही." आणि लोकांनी म्हटलेलंही त्याने कौतुकाने सांगितलं, की सासऱ्याने पाणी शोधलं, जावयाने राखलं.

"छान केलंस," मामा म्हणाले. खिशातला बोल्ट त्यांनी मुठीत इतका आवळला की तळहातावर आटे उमटले.

त्या दिवसानंतर मामांना जेवण जाईना. दुकानात बसायचे आणि एकच काच तासभर पुसायचे. गिऱ्हाइकावर खेकसणंही थांबलं, तेव्हा बाजाराला खरी काळजी वाटू लागली. घरी मामी ताट पुढे करायची आणि दोघं एकमेकांकडे न बघता बसायची. "भिंगरी पाणी पितेय ना?" एवढंच ती विचारायची. पितेय, मामा म्हणायचे. आणि प्रत्येक वेळी ते "पितेय" म्हणताना त्यांना बाकीची पोरं दिसायची, तीही पीतच होती. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं काही राहत नाही, हे त्यांना कळत होतं. पण रोज सकाळी ते एक कॅन भरायचे, आणि रोज म्हणायचे, उद्या सांगतो.

डॉक्टरकडे जाऊन आल्याला अकरा दिवस झाले होते. मामा कॅन घेऊन गल्लीतून जात होते, आणि शिवणाऱ्या बाईने दारातून हाक मारली.

"मामा, जरा टेका की. बाळ बघितलंच नाहीत तुम्ही."

ती उंबऱ्याशी बसली होती. मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं मूठभर बाळ, आत मशीनवर कापडाचे गठ्ठे तसेच पडलेले. तिच्याजवळ पाटावर दुधाची बाटली होती, पावडरचा डबा होता, आणि मामांची डबी होती.

"मला दूधच आलं नाही हो," ती म्हणाली. "नर्स म्हणाली, पावडर दे, पण पाणी चांगलं पाहिजे. म्हटलं, आमच्याकडे पाण्याची काय काळजी? तरी मी आपली प्रत्येक बाटलीच्या आधी डबी लावते. दिवसातून सात वेळा, आठ वेळा. शून्य आलं की मगच भरते." ती हसली. "तुम्ही नसतात तर मला धीरच झाला नसता, मामा. खरं सांगते. मनात कितीदा तुम्हाला हात जोडले."

मामा उभेच होते. त्यांनी कॅन पुढे केला. "हे पाणी घाल बाळाला."

"हे? हे तर भिंगरीच्या औषधाचं ना? आणि माझ्या बाळाला काय झालंय?"

"औषधाचं नाही ते," मामा म्हणाले. "साधं पाणी आहे. चांगलं पाणी."

आणि मग त्यांच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. बॅटरीवाल्याचं कुलूप, मामीचं पातेलं, उणे आकडे, चार पूर्णांक तीन. मागचं पुढे आणि पुढचं मागे. भिंगरीचे पाय. बोल्टसुद्धा सांगितला. बोलता बोलता ते कधी दाराबाहेरच्या पायरीवर बसले त्यांना कळलं नाही.

ती ऐकत होती. एका हाताने तिने डबी उचलली, उघडली, आतल्या काळ्या कापडावरच्या स्वतःच्या शिलाईवरून बोट फिरवलं, आणि मिटून खाली ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण ती ओरडली नाही.

"तुम्ही काय मुद्दाम केलंत का?" ती म्हणाली. "आमचे हाल बघवले नाहीत म्हणून तर केलंत. माझ्या सासूसाठी केलंत. चूक कुणाचीही होते, मामा. रडू नका. गल्लीला मी सांगते, चला, मी येते तुमच्याबरोबर. पोरं अजून लहान आहेत, होतील बरी."

मामा खरंच रडत होते. अकरा दिवसांत पहिल्यांदा त्यांचा श्वास पोटापर्यंत गेला. ही अशी बोलेल हे माहीत असतं तर, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी तो विचार तिथेच सोडला.

तिने बाटलीतलं दूध दाराबाहेर ओतलं. बाळाला खांद्याशी घेतलं. उठता उठता तिने सहजच विचारलं, "कधी कळलं हो तुम्हाला हे?"

आज, असं म्हणता आलं असतं. काल म्हणता आलं असतं. तिने मानलंही असतं.

"अकरा दिवस झाले," मामा म्हणाले.

ती थांबली. बाळाच्या पाठीवर थोपटणारा तिचा हात थांबला. मग वाकून तिने कॅन घेतला. मामांची बोटं कॅनच्या मुठीवर आखडली होती, ती तिला एकेक करून सोडवावी लागली.

"बाळ नऊ दिवसांचं आहे, मामा," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.